खरं नाव की बनावट नाव?

ब्रिटिश राजघराण्यावरच्या ‘द क्राउन’ या नेटफ्लिक्स मालिकेनं खरी नावं घेतली आणि बंद दारामागचे संवाद मनानं रचले. २०२० मध्येच ब्रिटनचे सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हर डाउडेन म्हणाले होते, ‘हे काल्पनिक आहे’ अशी पाटी लावा. नेटफ्लिक्सनं ऐकलं नाही. २०२२ च्या पाचव्या सीझनमध्ये युवराज चार्ल्स राणीला बाजूला सारण्याबद्दल पंतप्रधान जॉन मेजर यांना चाचपतात. असं काही घडलंच नाही, असं मेजर यांनी ठणकावलं. ब्रिटिश अभिनेत्री ज्यूडी डेंच यांनीही ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं. मग ट्रेलरखाली ‘काल्पनिक नाट्यरूप’ असे शब्द आले. वरातीमागून घोडं!

याउलट बीबीसीची १९८० ची विनोदी मालिका ‘येस मिनिस्टर’. मंत्री जिम हॅकर बनावट, त्याचा पक्षही गुलदस्त्यात. तरी सरकारी बाबूगिरी इतकी नेमकी, की खुद्द तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाई तिच्या चाहत्या. (आपल्याकडे फारूक शेख यांचं ‘जी मंत्रीजी’ त्यावरूनच आलं.) इथं कुणाची बदनामी होत नाही, पाटीही लागत नाही.

अर्थात राणी-थॅचर तणाव हॅकरच्या आडून दाखवता येत नाही. तिथं खरी नावं लागतातच. पण हयात माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणार असाल, तर पाटी प्रत्येक भागाच्या आधी हवी, ट्रेलरखाली नव्हे.