नवा लॅपटॉप अचानक बंद पडतोय: बदलून घ्यावा, सर्व्हिस सेंटरला द्यावा की घरीच बघावं?

नवा लॅपटॉप चालता चालता बंद पडला की घरात प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो. कुणी म्हणतं विंडोज नव्याने टाक, कुणी म्हणतं बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट कर, आणि शेजारचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊनच येतो. या गडबडीत निसटते ती रिप्लेसमेंटची मुदत. ऑनलाइन खरेदीत ती बहुधा ७ ते १० दिवसांचीच असते. दुकानातून घेतला असेल तर कंपनीचा डीओएचा (‘डेड ऑन अरायव्हल’, म्हणजे मुळातच बिघडलेला निघालेल्या मालाचा) नियम आणि दुकानदाराचा स्वभाव, दोन्ही बघावे लागतात. म्हणून पहिलं काम म्हणजे बिल काढून तारीख बघणं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुदत शिल्लक आहे आणि दोष हार्डवेअरचा आहे, तर बदलूनच घ्या. मुदत गेली असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. घरचे उपाय दोष कुठे आहे हे कळण्यापुरतेच करायचे, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते.

त्या एका संध्याकाळी काय बघायचं

स्टार्ट मेनूत इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्समधलं सिस्टम उघडा आणि लॅपटॉप बंद पडला त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. १०७४ क्रमांकाची नोंद दिसली तर तो बंद पडला नाही, रीतसर बंद केला गेला. कुठल्या प्रोग्रॅमने केला तेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते विंडोज अपडेट निघतं. अशा लॅपटॉपसाठी दुकानात भांडायला गेलात तर हसं होईल.

कर्नल-पॉवर ४१ दिसली तर मात्र प्रकरण खरं आहे. पण ४१ म्हणजे नुसता पंचनामा, मृत्यूचं कारण त्यात नसतं. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे शून्याखेरीज आकडा असेल तर ब्लू स्क्रीन (विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा) येऊन गेली आहे, म्हणजे संशय ड्रायव्हरवर (सुटे भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) किंवा रॅमवर (मशीनची तात्पुरती मेमरी). शून्य असेल तर वीजच तुटली, किंवा मशीन इतकं गोठलं की तुम्ही बटण दाबून धरून ते बंद केलंत.

दुसरी परीक्षा सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची. लॅपटॉप सुरू करून थेट बायोसच्या स्क्रीनमध्ये जा (डेल, एसर, आसुसमध्ये बहुधा एफ२, एचपीत एफ१०) आणि तसाच तासभर ठेवून द्या. तिथे विंडोज चालू नसतं, ड्रायव्हर नसतात, अँटिव्हायरस नसतो. तरीही पडला तर सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं. मग विंडोज पुन्हा टाकण्यात रात्र घालवू नका.

तिसरी परीक्षा वायर ओढण्याची. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असताना, सगळं सेव्ह करून, चार्जर काढा. त्याच क्षणी अंधार झाला तर बॅटरी वीज देतच नाही: एक तर ती खराब आहे, नाही तर आतलं कनेक्शन ढिलं आहे. आपल्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे हा दोष पुष्कळदा ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम’ म्हणून खपून जातो. बॅटरी धड असेल तर लाइट गेल्याचं लॅपटॉपला कळायलाही नको. बॅटरीचा लेखी पुरावा हवा असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी-शेजारी असतात. नव्या लॅपटॉपमध्ये हे दोन आकडे जवळपास सारखे असायला हवेत.

राहिली उष्णता. ‘गरम होऊन बंद पडतो’ हे निदान फार सहज केलं जातं. प्रत्यक्षात प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्यानेही भागलं नाही तरच मशीन बंद होतं. त्यामुळे नवा लॅपटॉप गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना बंद पडत असेल तर कूलिंग पॅड विकत घेऊ नका. आधी फॅन फिरतोय का ते ऐका. फॅन जाम आहे किंवा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट बसलेला नाही, तर तो कारखान्याचा दोष, त्यासाठी तुम्ही पैसे का मोजायचे? गादीवर ठेवून वापरत असाल तर मात्र आधी टेबलावर ठेवून बघा.

बदलून घेणं

मोठा फायदा उघड आहे: न उघडलेलं, कोरं मशीन मिळतं आणि कटकट संपते. अडचणीही आहेत. बऱ्याच ऑनलाइन विक्रेत्यांकडे लॅपटॉपला सरळ ‘रिटर्न’चा पर्याय नसतो. आधी तंत्रज्ञ येऊन बघतो, किंवा कंपनीकडून दोषाचं पत्र आणायला सांगतात. या फेऱ्यांत मुदत संपू शकते, म्हणून तक्रार ॲपवरच नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. नुसत्या फोनवरच्या बोलण्याला पुढे किंमत राहत नाही. खोका, थर्माकोल, चार्जर, सगळं शाबूत हवं.

आणखी एक गोष्ट. दोष त्या एका नगाचा असेल तर बदलून फायदा. पण तोच त्रास त्या मॉडेलच्या बऱ्याच ग्राहकांना होत असेल तर दुसरा नगही तसाच निघू शकतो. मग पैसे परत मागा किंवा वेगळं मॉडेल घ्या.

सर्व्हिस सेंटर

इथे खर्च नाही, साधारण वर्षभराची वॉरंटी असते, आणि सुटे भाग अस्सल मिळतात. (नवेच मिळतील असं नाही. वॉरंटीच्या अटींत बहुधा ‘नवा किंवा नव्यासारखा’ असे शब्द असतात.) खरी डोकेदुखी आहे ती अधूनमधून येणाऱ्या दोषाची.

माझ्या भाचीचा लॅपटॉप बॅटरीवर असताना, चाळीसेक टक्के चार्ज शिल्लक असताना, व्हिडिओ कॉल लावला की मिटायचा. चार्जर लावलेला असला की दिवसभर ठणठणीत. सर्व्हिस सेंटरने तो दोन दिवस चार्जरवरच चालवून बघितला आणि जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. पुढच्या खेपेला तिने मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला. त्यात घड्याळ, बॅटरीचा टक्का आणि काळा होणारा पडदा एकाच चौकटीत दिसत होता. काउंटरवरच्या माणसाने तो बघितला आणि नवी बॅटरी मागवली. वाद झालाच नाही.

तेव्हा जॉबशीटवर ‘चेक करणे’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘चार्जर काढल्यावर, इतक्या टक्क्यांना, अमुक काम करताना बंद पडतो’ असं लिहायला लावा. प्रत्येक फेरीची जॉबशीट ठेवा. एकच दोष तिसऱ्यांदा दुरुस्तीला गेला की हीच कागदं बदलीच्या मागणीला जोर देतात. कुणी अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप असेल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे सीरियल नंबर देऊन आधी विचारा. अशा लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. ते असलं तर आपल्या २३० व्होल्टला दोष द्यायचं कारण नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली किंवा कोपऱ्यावरचा रिपेअरवाला

या लोकांच्या हाताला मी कमी लेखत नाही. कंपनी जिथे अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगते, तिथे हे नेमकी चिप शोधून बदलतात. पण हा शहाणपणा वॉरंटी संपल्यानंतरचा. नवा लॅपटॉप तिथे उघडला तर कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. एका कामासाठी मात्र जरूर जा: त्याच वॅटचा, चालू असलेला दुसरा चार्जर लावून बघायला. पाच मिनिटांचं काम.

आणि घरी?

बगचेककोडमध्ये आकडा दिसला असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर अद्ययावत करणं, विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी चालवणं आणि शेवटी विंडोज रिसेट करणं, हे घरी करण्यासारखं आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस सुरळीत गेले तर कुठे जायचीच गरज नाही. शून्य असेल तर यातलं काहीच करू नका.

बायोस अपडेटचा सल्ला मला तर धोक्याचा वाटतो. जे मशीन केव्हाही बंद पडतं, त्याच्यावर हे काम करायचं आणि ते अर्ध्यात मिटलं तर बोर्डच निकामी होऊ शकतो. ते सर्व्हिस सेंटरला करू द्या, बिघडलं तर निस्तरायची जबाबदारी त्यांची राहील.

कुणीच दाद देत नसेल तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता बंगळुरूचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. वेळ लागतो, म्हणून हा शेवटचा रस्ता.

लॅपटॉप कुठेही देण्याआधी डेटा कॉपी करा आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की उतरवून ठेवा. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे सांकेतिक कुलूपात बंद असते. मदरबोर्ड बदलून आला की पहिल्याच स्क्रीनवर तो हे आकडे मागतो, आणि ते सर्व्हिस सेंटरकडे नसतात.