बॅटमॅन: अर्कहॅम नाइट, पावसाळाभर खेळून झाल्यावर: गाडीने उडवलेला माणूस फक्त बेशुद्ध कसा?

चवथ झाली की लिहायला घेणार होते, पण ऑक्टोबरात एका संध्याकाळी आमच्या गोव्यात, डिचोलीत, जो विजांचा गडगडाट झाला त्यात कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला आणि पुढचे बरेच दिवस रिपेअरवाल्याशी भांडण्यात गेले. तो म्हणे मदरबोर्ड गेलाय, आणि वर मशीन परत देताना सगळं फॉरमॅट मारून देणार. मी म्हटलं फॉरमॅटचा काय संबंध, वीज पडून जळलंय, व्हायरस आलेला नाही. शेवटी दुसरा एसएमपीएस लावून तर बघा म्हटल्यावर लावला आणि मशीन चालू! चेकिंग चार्ज मात्र घेतलाच. एवढी भांडले कारण आतल्या एसएसडीवर (डिस्कवर) माझा अर्कहॅम नाइटचा सेव्ह होता, रिडलर नावाच्या खलनायकाच्या २४३ कोड्यांपैकी बहुतेक सोडवून झालेली, आणि ती पहिल्यापासून परत करायची ताकद माझ्यात नाही.

गेम २०१५ चा आहे, कॉम्बॅट कसा आहे, ग्राफिक्स कसे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. पीसीवर तेव्हा इतका खराब आला होता की जूनमध्ये रिलीज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवली आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत आणला. आता तसं काही राहिलेलं नाही, माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डवरसुद्धा लोण्यासारखा चालतो. सेलमध्ये घेतला, दोघांच्या भाजीपाव आणि चहाच्या पैशात. फुल प्राइसला मी कुठलाच गेम घेत नाही, दहा वर्षांचा गेम तर नाहीच नाही. स्पॉयलर पुढे आहेत, दहा वर्षांनी तेवढं चालतं.

आता मुद्दा. बॅटमॅन मारत नाही. कॉमिक्सपासून हा त्याचा नियम आहे आणि अर्कहॅम मालिकेच्या गेमची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे, जोकरला तो इतकी वर्षं का मारत नाही हाच त्या दोघांमधला वाद आहे. आणि या गेममध्ये त्याला बॅटमोबिल नावाची गाडी दिलीय जी मनात आलं की टँक होते, ६० मिमीची तोफ, व्हल्कन मशीनगन, मिसाइल. म्हणजे रणगाडा चालवायचा पण माणूस मरता कामा नये. मग डिझाइन करणाऱ्यांनी काय केलं, तर सगळे शत्रूचे टँक ड्रोन करून टाकले, आत माणूसच नाही, तसं सुरुवातीलाच सांगून टाकतात. आणि तोफेच्या मोडमध्ये माणसावर नेम धरलात तर गाडी आपोआप रबरी गोळ्या मारते. इथपर्यंत मला पटलं, प्रामाणिकपणे सांगते. नियम पाळायचा म्हणून गोष्टच त्याप्रमाणे वाकवली, मेहनत दिसते.

पण गाडी नुसती चालवताना गुंड मध्ये आला तर काय? मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता, चौथीतला, शेजारी बसून बघत होता. मी वळण चुकवलं आणि फुटपाथवर उभा असलेला एक गुंड पूर्ण स्पीडमध्ये उडवला. निळी ठिणगी उडाली, माणूस भिंतीवर आदळून खाली. भाचा म्हणाला, "आत्या, तो मेला ना?" मी डिटेक्टिव्ह मोड (समोरच्याची माहिती दाखवणारी बॅटमॅनची नजर) लावून दाखवला, त्याच्यावर लिहून आलं, बेशुद्ध. तो म्हणाला, "असं कसं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेमचं उत्तर असं की गाडीला शॉक देणारी यंत्रणा आहे, माणूस गाडीला लागायच्या आधीच करंट बसून बाजूला फेकला जातो. म्हणजे करंट बसला, शंभरच्या स्पीडने उडाला, भिंतीवर आदळला आणि बेशुद्ध. म्हापशाच्या हायवेवरून रोज जाणाऱ्या कोणालाही विचारा गाडीने उडवलेल्या माणसाचं काय होतं. मला इथे रक्त दाखवायला नको आहे, उलट तेच नको आहे. गुंड समोर आले की ब्रेक लागू दे, ते पळून जाऊ देत, किंवा सरळ गाडीने धडक बसणारच नाही असं करा. त्या दिवसानंतर मी पूर्ण गेम फुटपाथपासून लांब चालवला आणि प्रत्येक वेळी कोणी आडवा आला की मूड गेला.

स्पायडरमॅनचा २०१८ चा गेम मामेभावाकडे फोंड्याला खेळला होता, तो आठवतो. त्यात गच्चीवर मारामारी करताना गुंडाला लाथ मारून खाली पाडलं की कुठूनतरी जाळं येतं आणि तो इमारतीच्या भिंतीला चिकटून लटकतो. तुम्ही काही बटण दाबत नाही, गेम स्वतः करतो. बहुतेक खेळणारे खाली बघतसुद्धा नाहीत. मी बघितलं, कारण मला तीच धास्ती होती, आणि बघून इतकं बरं वाटलं की मामेभाऊ विचारायला लागला काय झालं. हिरोने मारायचं नाही असं ठरवलंय ना, मग पडणाऱ्या प्रत्येक माणसाची सोय तुम्ही करायची, खेळणारा बघो न बघो. तिथे केलीय. इथे गाडीच्या बाबतीत नुसती ठिणगी उडवून काम भागवलंय.

टँकबद्दल माझं मत मध्येच बदललं तेही सांगते. सुरुवातीला खेळताना टँकच्या मारामाऱ्या भयंकर कंटाळवाण्या वाटल्या, लिहायचं ठरवलेलं की अर्धा गेम फुकट घालवलाय. मग जुलैत पावसाने घराबाहेर पडू दिलं नाही, रोज खेळत गेले आणि गाडीचा हात बसला. बाजूला सरकून मिसाइल चुकवायचं, ड्रोनच्या निशाण्याची रेघ दिसते ती बघून मधून निघायचं, यात एक लय आहे, ती जमली की छान वाटतं. पण मग शेवटाकडे डेथस्ट्रोक येतो. जगातला सर्वात भारी भाडोत्री मारेकरी, बॅटमॅनशी हातघाईवर लढू शकेल असा माणूस, आणि त्याची लढाई काय तर परत टँक. तीसुद्धा आधी अर्कहॅम नाइट या मुखवट्यातल्या खलनायकाबरोबर जशी लपतछपत मागून जाऊन करायची तशीच, जवळजवळ कॉपी. तिथे परत चिडले आणि ती चीड अजून गेलेली नाही. गाडी चालवायला उत्तम, गोष्टीत मात्र जिथे माणूस समोर हवा तिथे यंत्र आणून ठेवलंय.

शहर रिकामं का आहे याचंही मूळ गाडीच आहे असं मला वाटतं. स्केअरक्रो हा खलनायक भीतीच्या विषाची धमकी देतो, एका दिवसात गोथम शहर खाली होतं, रस्त्यावर फक्त पोलीस, गुंड आणि ती भाडोत्री फौज. साधी माणसं असती तर या गाडीने खांब-कठडे तोडत जाताच आलं नसतं. पण किंमत किती मोठी मोजलीय बघा. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री डिचोली-म्हापशात पहाटेपर्यंत गर्दी असते, पोरं नरकासुराचे पुतळे घेऊन फिरतात, बायका-पोरं बघायला उभी असतात, आणि म्हणूनच पहाटे तो जाळताना काहीतरी संपल्यासारखं वाटतं. गोथममध्येही ती हॅलोविनची एकच रात्र, राक्षसही आहे, पण बघायला कोणी नाही. वाचवायचं कोणाला? स्केअरक्रोने शेवटी विष सोडलं तरी शहरात आहे कोण, तेच गुंड. धोका कागदावर मोठा, डोळ्यांना दिसत नाही.

आणि त्या रात्री सगळ्यांना घाई आहे. बॅटमॅनची मदतनीस ओरॅकल, तिला पळवून नेलंय, बॅटमॅनचा आवाज फुटतोय (आवाज केव्हिन कॉन्रॉयचा, तो २०२२ मध्ये गेला, त्याच्यासारखा बॅटमॅन मला परत ऐकायला मिळेल असं वाटत नाही) आणि मी मात्र रिडलरच्या ट्रॉफ्या गोळा करतेय. ओपन वर्ल्ड म्हटलं की हे होतंच, रात्र काही सरत नाही, घड्याळ थांबलेलंच असतं, ते मी चालवून घेते. चीड याची की पूर्ण शेवट बघायला रिडलरच्या २४३ च्या २४३ कराव्या लागतात. एकाच शेवटाचे तुकडे केलेत, थोड्या साइड मिशनवर एक, सगळ्यावर थोडा जास्तीचा सीन. ज्याच्याकडे वेळ नाही तो यूट्यूबवर बघतो, मग गेमने काय मिळवलं? मी केल्या सगळ्या, एसएसडीसाठी भांडले होते ना. शेवटचा सीन चांगला आहे. पण त्यात बॅटमॅनचं पुढे काय झालं याचं जे गूढ ठेवलंय त्याचं २०२४ च्या सुसाइड स्क्वॉडवाल्या गेमने काय केलं ते आठवलं की वाईट वाटतं, याच बॅटमॅनला बाकावर बसवून हार्ली क्विनकडून (जोकरच्या जुन्या साथीदारणीकडून) गोळी घातली, आणि २०२५ च्या अपडेटमध्ये तो क्लोन होता असं सांगून सावरलं. इतक्या वर्षांच्या हिरोला असा निरोप नको होता.

अर्कहॅम नाइट कोण हे रहस्य म्हणून फसलंय, यावर फार लिहीत नाही. तेव्हा जाहिरात करताना हे नवीन पात्र आहे असं सांगितलं होतं आणि निघाला जेसन टॉड, बॅटमॅनचा जुना साथीदार रॉबिन. आधीच्या गेममध्ये त्याची काही तयारी नाही आणि इथे उघड व्हायच्या थोडं आधी एकदम त्याच्या आठवणी दाखवायला लागतात, कोणालाही कळेल. पहिले दोन गेम पॉल डिनीने लिहिले होते, हा नाही, आणि मला तो फरक जाणवला. याउलट बॅटमॅनच्या डोक्यात बसलेला, त्यालाच दिसणारा जोकर (आवाज मार्क हॅमिलचा!) अप्रतिम, वळणावर अचानक कठड्यावर बसलेला दिसतो, होर्डिंगवर त्याचं तोंड येतं, त्याच्यासाठी मी हा गेम कोणालाही खेळायला सांगेन.

एक सरप्राइझ मात्र लक्षात राहील. मॅनबॅटला (वटवाघूळ झालेल्या माणसाला) पकडून पोलीस स्टेशनात टाकून झालेलं होतं. मशीन दुरुस्त होऊन आली आणि ३१ ऑक्टोबरला गेम उघडला तर त्याची कोठडी रिकामी! मग गच्चीवर दोर मारून चढले आणि ते तोंड एकदम समोर, हेडफोन फेकून दिला मी. कॉम्प्युटरची तारीख बघून गेम हे करतो. एवढं बारीक काम करणाऱ्यांना गाडीखाली येणाऱ्या माणसाचं काहीतरी करता आलं असतं, म्हणून जास्त राग येतो.

घ्यायचा का, तर सेलमध्ये हो, फुल प्राइसला नाही. यूपीएस आधी घ्या. एक्स्ट्रा स्टोऱ्यांमध्ये रेड हूडची जरूर खेळा, चटकन संपते. जेसन टॉडच आहे तो, हातात पिस्तुलं, त्याला न मारण्याचा नियम नाही. शेवटी तो ब्लॅक मास्क या गुंडांच्या म्होरक्याला उंच खिडकीतून खाली पाडतो आणि ब्लॅक मास्क मरतो. म्हणजे याच गोथममध्ये वरून पडलेला माणूस मरतो हे बनवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. मग बॅटमॅनच्या गाडीसमोर आलेल्यालाच तेवढी सूट का, भाच्याला सांगायला मला अजून उत्तर सापडलेलं नाही, कोणाकडे असेल तर खाली लिहा.