आठ महिने डॉकर: काकूंचा डबा आणि माझा डबा

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एक काकू भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांना डबे पुरवतात. त्यांचं छोटंसं वेब अ‍ॅप मी सांभाळतो. मुलं रात्री ९ वाजेपर्यंत दुसऱ्या दिवसाचा डबा नोंदवतात आणि महिनाअखेर प्रत्येकाचं बिल पीडीएफमध्ये निघतं. पायथन, फ्लास्क (वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस), पुढे एनजिनेक्स (वेब सर्व्हर). दीडेकशे मुलं, म्हणजे भार काहीच नाही.

दोन वर्षं हे सगळं सर्व्हरवर थेट बसवलेलं होतं. नवा कोड चढवायचा म्हणजे लॉगिन करा, गिट पुल करा, पिपने लायब्रऱ्या टाका, सर्व्हिस पुन्हा सुरू करा आणि हात जोडा. जूनमध्ये उबुंटूची आवृत्ती बदलली, त्याबरोबर पायथन बदललं आणि अर्ध्या लायब्रऱ्या रुसल्या. त्या रात्री ठरवलं, आता डॉकर, म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात (कंटेनरमध्ये) भरून चालवणारं साधन. आता आठ महिने झाले, म्हणून हा अनुभव लिहितोय.

पहिली इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) दीड जीबीच्या वर गेली. पायथनची पूर्ण इमेजच सुमारे १ जीबीची असते, आणि त्यात मी डॉकरइग्नोर (काय आत घ्यायचं नाही याची यादी) फाइल न लिहिल्यामुळे गिटचा सगळा इतिहास, माझं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन लायब्रऱ्यांचं वेगळं फोल्डर) आणि काकूंच्या मेनूचे मूळ फोटोही आत जाऊन बसले होते. पायथनचीच हलकी, स्लिम इमेज घेतली, डॉकरइग्नोर लिहिली, निम्म्याहून जास्त वजन उतरलं. दुसरी गोष्ट क्रमाची. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या कृतीत) आधी फक्त लायब्रऱ्यांची यादी कॉपी करायची, त्या बसवायच्या, आणि मग कोड कॉपी करायचा. उलट केलं तर एक ओळ बदलली तरी सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरतात. हे कळायला मला तीन आठवडे आणि बराच मोबाइल डेटा लागला.

अल्पाइन नावाच्या छोट्या लिनक्सवरची इमेज आणखी लहान असते म्हणून तिच्या मागेही लागलो होतो. तिच्यात नेहमीची जीलिबसी नसून मसल नावाची वेगळी सी लायब्ररी असते. एका जुन्या पॅकेजसाठी तयार बांधणी मिळेना, ते मुळापासून कंपाइल होत बसलं. वाचवलेले एमबी वाट बघण्यात गेले. स्लिमवर परत आलो.

खरी गंमत सर्व्हरवर चढवल्यानंतर झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकूंचा फोन.

"अरे, रात्री ९ ला यादी बघून मी कणकेचा अंदाज घेतला. आता यादीत १४ डबे जास्त दिसतायत. हे कोणी घुसवले?"

"काकू, मुलांनी उशिरा टाकले असतील."

"उशिरा म्हणजे किती? एक तर रात्री दीडचा आहे! ९ नंतर बंद होतं म्हणाला होतास ना तू?"

बंद होत होतं. पण कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे) होतं आणि माझा कोड बापडा त्या घड्याळालाच विचारत होता. तिथे ९ वाजले की इंदुरात मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजलेले असतात. जुन्या सर्व्हरवर मी कधीकाळी वेळ एशिया-कोलकाता करून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. कंपोज फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते तिथे लिहितात) टीझेड नावाचा एक व्हेरिएबल टाकला, प्रश्न मिटला. काकूंनी त्या दिवशी पोळ्या कमी आणि भात जास्त दिला. मुलांनी तक्रार केली नाही, पण मला दोन दिवस सुनावणी झाली.

महिनाअखेर बिलं निघाली. आकडे व्यवस्थित, मुलाचं नाव इंग्रजीत असेल तर तेही व्यवस्थित, आणि बाकी सगळीकडे रिकामे चौकोन. 'पोळी-भाजी' आठ चौकोन, 'एकूण' चार चौकोन. माझ्या लॅपटॉपवर तेच बिल सुंदर दिसत होतं, कारण तिथे देवनागरी फॉन्ट आहेत. स्लिम इमेजमध्ये पांगो (अक्षरं मांडणारी लायब्ररी) बसवताना सोबत डेजाव्यू फॉन्ट आले होते, पण त्यांत देवनागरी नाही. डॉकरफाइलमध्ये नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं, इमेज थोडी फुगली, चौकोन गेले. आपल्या भाषेत पीडीएफ काढणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पहिल्याच दिवशी लिहावी. इंग्रजीतल्या शिकवण्यांमध्ये मला ती कुठे सापडली नाही, त्यांना गरजच पडत नसावी.

म्हणजे डब्यात तुम्ही भराल तेवढंच पोचतं. लोणचं घरी ओट्यावर आहे म्हणून ते भंवरकुआँला पोचत नाही.

ऑक्टोबरमध्ये डिस्क भरली. २५ जीबीपैकी मोठा वाटा एकाच लॉग फाइलने खाल्लेला. डॉकर नेहमीच्या मांडणीत कंटेनरचे लॉग जेसन फाइलमध्ये लिहितो आणि तिला मर्यादा घालत नाही, ती आपण घालायची. मी १० एमबीच्या ३ फाइली ठेवल्या. ही सेटिंग आधीपासून चालू असलेल्या कंटेनरला लागत नाही, तो नव्याने बनवावा लागतो. हे न कळल्यामुळे आठवड्याने डिस्क पुन्हा भरली.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. यूएफडब्ल्यूने (उबुंटूच्या फायरवॉलने) मी सगळे पोर्ट बंद केले आहेत या भ्रमात होतो. ग्वाल्हेरच्या मित्राने बाहेरून तपासलं तर पोस्टग्रेसचा ५४३२ उघडा. कंपोजमध्ये पोर्ट प्रकाशित केला, म्हणजे बाहेरून पोचण्याजोगा केला, की डॉकर आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या नेटवर्क गाळणीचे) स्वतःचे नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यूला वळसा पडतो. डेटाबेसचा पोर्ट प्रकाशित करायची गरजच नव्हती. एकाच नेटवर्कवरचे कंटेनर एकमेकांना नावाने शोधतात. ती ओळ काढली, पासवर्ड बदलला, आणि ही गोष्ट काकूंना सांगितली नाही.

एवढं रडून झाल्यावर, परत जाणार का? नाही. डिसेंबरमध्ये होस्टिंगवाल्याने भाडं वाढवलं तेव्हा मी दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर घेतला. तिथे डॉकर बसवला, कंपोज फाइल आणि पासवर्डांची फाइल नेली, डेटाबेसचा डंप चढवला. पाऊण तासात नव्या सर्व्हरवर डबे नोंदवले जात होते. पूर्वी याला शनिवार-रविवार जायचा. इमेजला 'लेटेस्ट' न म्हणता तारखेचं नाव देतो, त्यामुळे नवा कोड फसला तर कालची इमेज दोन मिनिटांत परत. हे सुख आधी कधीच नव्हतं.

तरी सगळ्यांना नको. साधी स्थिर पानं असतील तर हे ओझं कशाला? एकच अ‍ॅप, एकच सर्व्हर आणि तो कधी बदलायचा नसेल तर सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारी व्यवस्था) आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटवर छान भागतं. आणि १ जीबी रॅमच्या सर्व्हरवर इमेज बांधू नका. माझ्याकडे बांधणी अर्ध्यातच मारली गेली होती. आता लॅपटॉपवर बांधून पाठवतो. घाई असेल तेव्हा रजिस्ट्रीही (इमेज साठवायची ऑनलाइन जागा) वापरत नाही, 'डॉकर सेव्ह'ने काढलेली फाइल थेट एसएसएचवरून 'डॉकर लोड'ला देतो.

आता एकच काम राहिलंय. पोस्टग्रेस १५ वरून १७ वर न्यायचंय आणि तिथे नुसता टॅग बदलून चालत नाही. जुन्या व्हॉल्यूममधला (कंटेनरबाहेर डेटा साठवायच्या जागेतला) डेटा नवी आवृत्ती उघडतच नाही. आधी डंप, मग रिकामा व्हॉल्यूम, मग भरणं. रविवारी संध्याकाळी काकूंचे डबे बंद असतात, तेव्हा करेन.