हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंग शिकवणारा सुरुवातीचा) कोर्स केला, माझा अनुभव

मागे मालवणला डाईव्ह केला होता पण तिथे इन्स्ट्रक्टरच धरून फिरवतो, शिकायला असं मिळत नाही, म्हणून यावेळी अंदमानला गेलो तेव्हा हॅवलॉकवर चार दिवस काढून कोर्सच केला आणि पैसे वसूल झाले बघा. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं, ते मला जमेचना, नाकात पाणी, ठसका, रडूच आलं. इन्स्ट्रक्टर आपलीच मराठी मुलगी, "ताई, सावकाश, घाई नाहीये आपल्याला" म्हणाली आणि खरंच मला जमेपर्यंत पुढे गेली नाही. हे फार आवडलं. श्वास रोखायचा नाही, कान दुखायच्या आधीच नाक दाबून इक्वलाइज करायचं म्हणजे कानातला दाब सारखा करायचा, हे इतकं घोटून घेतलं की 18 मीटरवर आपोआप होत होतं! समुद्रफुलात लपणारे ते केशरी क्लाउनफिश अजून डोळ्यांसमोर आहेत.

वेटसूट (पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचे अंगाला घट्ट बसणारे सूट) मात्र जुने, माझ्या मापाचा मिळालाच नाही, थंडी वाजली. आणि शेवटच्या डाईव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नसतं, हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं ना, आम्हाला तिकिटं बदलावी लागली.