‘मॅचिंग सेट’ घेतला आणि वडिलांच्या रेकॉर्ड खराब झाल्या

वडिलांच्या मागे साठेक एलपी रेकॉर्ड माझ्याकडे आल्या. किशोरीताई, कुमारजी, भीमसेन. त्या नीट ऐकायच्या म्हणून मागच्या वर्षी मुंबईतल्या जुन्या हाय-फायच्या एका विक्रेत्याकडून ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) असा अख्खा संच ८५ हजारांना घेतला. “काका, सगळं एकमेकांना मॅच करून दिलंय, घरी जाऊन फक्त प्लग लावा.” या एका वाक्यावर मी पैसे मोजले.

दुकानात आवाज ऐकवला तो मोबाइलवरून, ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (बाहेरचं उपकरण जोडायच्या सॉकेटमध्ये) वायर लावून, आवाज भारदस्त करणारं लाउडनेसचं बटण दाबून. मी घरून रेकॉर्ड नेली होती. टर्नटेबल फिरवणारा बेल्ट नवीन आहे, बसायला वेळ लागेल, असं सांगून त्याने ती लावलीच नाही. तिथेच उठायला हवं होतं. काट्रिजमधून, म्हणजे सुई जिला बसवलेली असते त्या डबीतून, निघणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो वाढवणारा फोनोचा भाग ऑक्सवर गाणं लावलं की वापरातच येत नाही. म्हणजे टर्नटेबल, काट्रिज, सुई, फोनो यांतलं काहीही मी ऐकलं नव्हतं.

काट्रिज होतं शुअर कंपनीचं व्ही-१५ टाइप ३, “ओरिजिनल सुईसकट”. शुअरने २०१८ मध्ये काट्रिज आणि सुया बनवणं बंद केलं, त्यामुळे कोणी मूळ सुई सहज काढून देऊ लागला तर आधी शंका घ्या. टोनआर्मवर (काट्रिज धरणाऱ्या दांडीवर) त्या विक्रेत्याने सुईवर ३ ग्रॅम भार येईल असं वजन लावून दिलं होतं. म्हणे जुन्या रेकॉर्डला वजन लागतं! या काट्रिजसाठी कंपनीनेच पाऊण ते सव्वा ग्रॅम सांगितलंय.

दोन महिने मी रोज लावत होतो, त्यातही किशोरीताईंचा भूप सगळ्यात जास्त. हळूहळू वरच्या सुरांना खरखर यायला लागली. धूळ असेल म्हणून रेकॉर्ड धुतली, तरी फरक नाही. शेवटी पुण्यातल्या एका जाणत्या कारागिराने सुई सूक्ष्मदर्शकाखाली धरून मला दाखवली. स्वस्तातली डुप्लिकेट, आणि तीही आधीच वापरलेली. टोक दोन्ही बाजूंनी घासून सपाट झालेलं. अशी सुई खोबणीच्या भिंती खरवडत जाते. आता चांगली सुई बसवलीय, पण त्या भूपातली खरखर तशीच आहे. ती जाणार नाही.

मग त्याने स्पीकरच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला. स्पीकरचा विजेला होणारा अडथळा ओममध्ये मोजतात; ८ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण ६-७ दाखवतो. एकाने ६.४ दाखवलं, दुसऱ्याने ३.२. खोलून पाहिलं तर आत भलताच ४ ओमचा वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), वरून जाळीचं कापड मात्र अगदी सारखं. माझ्या ॲम्प्लिफायरच्या मागे स्पष्ट लिहिलंय, ८ ते १६ ओम. म्हणजे ४ ओमचा स्पीकर त्याला झेपणारा नव्हता. त्याची एक बाजू का तापत होती ते तेव्हा कळलं. साध्या मल्टिमीटरने दुकानातच दोन मिनिटांत हे दिसलं असतं.

विक्रेत्याला फोन केला. “सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते,” एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. नंतर माझा नंबर ब्लॉक केला.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. परत ‘मॅच्ड सेट’, परत शुअर, परत “ओरिजिनल सुईसकट”. कोणी बघायला जाणार असाल तर स्वतःची रेकॉर्ड न्या, आणि ती वाजवून दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.