परसातली बिनधुराची शेकोटी : हिवाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. नाताळाचा माल दिवाळीच्या आधी न्हावाशेवा बंदरात पोचवायचा म्हणजे दोन-अडीच महिने घर फक्त झोपायला. शेवटचा कंटेनर निघाला तरी डोक्यात पॅकिंग लिस्ट फिरतच राहते. त्यावर उतारा म्हणून गेल्या नोव्हेंबरात ही स्टीलची दुहेरी भिंतीची शेकोटी घेतली.

आधी ‘बिनधुराची’ या दाव्याबद्दल. खालच्या भोकांतून हवा आत शिरते. थोडी थेट लाकडाला मिळते, बाकीची दोन पत्र्यांच्या मधून वर चढता चढता तापते आणि काठाखालच्या भोकांतून आत सुटते. वर येणारा धूर तिथे पेट घेतो. भोकांपाशी ज्वाळांचं कडं धरलं की समजावं, काम सुरू झालं. पण पेटवल्यापासून पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर होतोच, आणि ओंडके वरच्या भोकांच्या वर रचले तर तो शेवटपर्यंत होतो. ओल्या लाकडाचं तर नावच नको. टोकाला फेस येऊन चुरचुरायला लागलं की शेजारच्या काकूंची खिडकी बंद झालीच.

लाकूड वखारीतली वाळलेली बाभूळ घ्या. सावकाश जळते, निखारा टिकतो. तुराट्या पेटवणासाठी उत्तम. आमच्याकडे मोडके पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, फुकट मिळतात, पण त्यावरचा शिक्का बघूनच घरी आणतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं. त्यावर रंग किंवा तेल सांडलेलं नसेल तर चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते अजिबात जाळायचं नाही. प्लायवूडही नाही. पॅलेटचं लाकूड भुर्रकन जळतं, ठिणग्या उडवतं आणि राखेत खिळे सोडतं.

मला स्वतःला मात्र दमून आल्यावर तेच बरं वाटतं. सारखं काहीतरी घालावं लागतं, चिमट्याने सरकवावं लागतं. हात गुंतलेले, काळे झालेले. फोन वाजला तरी कोण उचलतो? बाभळीचा ओंडका टाकून नुसतं बसलं की पाच मिनिटांत बोट व्हॉट्सॲपवर. विश्रांती म्हणजे काही न करणं, असं ज्यांना जमतं त्यांचं कौतुक आहे.

ऊब? इथे गुण कापतो. उष्णता सरळ वर जाते. वाकलं तर तोंड भाजतं, पाय गारच. सोलापूरची थंडी ती केवढी, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आगेमागे काय पडेल तेवढीच, म्हणून निभावलं.

आणि हुरडा हिच्यात होत नाही. जानेवारीत मंगळवेढ्याहून आबा गुळभेंडी ज्वारीची कणसं घेऊन आले. हुरड्याला ज्वाळ नको, गोवऱ्यांची धग धरलेली राख हवी. कणसं तिच्यात खुपसायची, फिरवायची, दाणा हिरवा राहून मऊ झाला की काढून तळहातावर चोळायची. इथे खालून सतत हवा, त्यामुळे गोवऱ्या धुमसण्याऐवजी पेटल्या, आणि राख जाळीतून खालच्या ताटलीत. कणसं बाहेरून काळी, आत कच्ची. ‘हिच्या पोटात राखच ठरत नाही, ही कसली आगटी?’ म्हणत आबांनी कोपऱ्यात फावड्याने खड्डा घेतला. शेंगाचटणी, दही आणि गूळ घेऊन सगळी मंडळी त्या खड्ड्याभोवती. साडेसहा हजारांची शेकोटी बाजूला नुसती चमकत होती.

चमक म्हणजे तशी पहिल्याच आठवड्यापुरती. नंतर स्टील निळं-सोनेरी पडतं. त्याने बिघडत काही नाही. पावसाळ्यात मात्र स्क्रू गंजले. पाण्याने राखेचा चिकट लगदा होतो, म्हणून ताटली रिकामी करून झाकण घालून ठेवा. राख कुंड्यांत टाकू नका. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात राखेची भर कशाला. शहाबादी फरशीवर थेट ठेवली तर फरशी तडकू शकते, खाली विटा हव्यातच.

शेजार भिंतीला भिंत लावून असेल, तर हीच घ्या. जागा मोकळी असेल आणि शेकायचं, हुरडा भाजायचा असेल, तर फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्याची उथळ परात वळवून घ्या, स्वस्तात पडेल. झाकण आणि स्टँड यांचे पैसे वेगळे पडतात, ते धरूनच भाव करा.