थकलेलं बिल: एनसीएलटी की एमएसएमई परिषद?

भोसरीतल्या एका लघुउद्योजकाचा प्रश्न: कंपनी पैसे देत नाही, बुडणार अशी कुजबुज आहे, जायचं कुठे? कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी), की लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी एमएसएमई परिषदेत?

पात्रता आधी. दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलटीत जायला थकबाकी किमान 1 कोटी हवी. परिषदेला अशी मर्यादा नाही. मात्र माल देण्याआधीची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) हवी.

खर्च: एनसीएलटीचं अर्जशुल्क 2,000 रुपये, पण खरा खर्च वकिलाचा. परिषदेचा अर्ज स्वतःही भरता येतो.

वसुली हा कळीचा मुद्दा. परिषदेत रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. एनसीएलटीत मागणी नोटिशीनंतर 10 दिवस थांबायचं. मालाबद्दल कंपनीने आधीच खरी तक्रार केली असेल तर अर्ज फेटाळला जातो. अर्ज मंजूर झाला तरी पैसे थेट तुमच्या हाती येत नाहीत. कंपनीचं पुढे काय करायचं यावर मतदान बँकांचं, पुरवठादार सहसा प्रेक्षक.

कंपनी चालू असेल, रक्कम लहान असेल तर परिषद. रक्कम मोठी, वाद नाही, कंपनीकडे पैसा आहे पण ती टाळतेय, तर एनसीएलटीत जाण्याआधीची मागणी नोटीस. दुसऱ्या कुणी दिवाळखोरी आधीच सुरू केली असेल तर कंपनीविरुद्धच्या कारवाईला मिळणाऱ्या स्थगितीमुळे परिषदही थांबते. मग फॉर्म बी (पुरवठादारांचा दाव्याचा अर्ज) भरून मुदतीत दावा लावा.